न कळकणारे भांडे

टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सियसला वितळते आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना. या दोन आकड्यांवरून कोणीही म्हणेल, की ॲल्युमिनियम तापवायला टंगस्टनचे भांडे घ्यावे. मधे पावणेतीन हजार अंशांची ऐसपैस जागा आहे. निर्वात पेटीत धातूची वाफ करून काचेवर किंवा प्लास्टिकवर तिचा पातळ थर बसवणाऱ्यांनी हे करून पाहिले आहे. टंगस्टनच्या पत्र्याला मधोमध खळगा पाडून होडीच्या आकाराची वाटी करतात. त्या धंद्यात तिला 'बोट' असेच म्हणतात. तिची दोन्ही टोके तांब्याच्या जाड पकडींत आवळायची, खळग्यात ॲल्युमिनियमचा तुकडा ठेवायचा, पेटीतली हवा काढून घ्यायची आणि बोटीतूनच मोजक्या व्होल्टांवर शेकडो अँपियरचा प्रवाह सोडायचा. खिडकीच्या काचेतून पाहिले तर पत्रा आधी मंद लाल होतो, मग नारिंगी. तुकड्याच्या कडा बसतात, त्याचा आरशासारखा थेंब होतो, आणि मग तो थेंब जागेवर राहत नाही. तो पसरतो, खळग्याच्या भिंती चढतो, पकडींच्या दिशेने सरकू लागतो. त्याच्याखाली पत्रा आतून विरत जातो, एक भेग दिसते, प्रवाह तुटतो आणि खिडकीत अंधार. बोट वितळलेली नसते, विरघळलेली असते. साखर वितळायला दीडशेच्या वर अंश लागतात, पण चहात ती शंभराच्या आतच नाहीशी होते, तसेच हे.

या विरघळण्यात धर्मविचारातला एक जुना प्रश्न आहे, आणि मराठीत तो एका शब्दात मावतो. पात्र म्हणजे भांडे. नदी ज्यातून वाहते तेही पात्र, नाटकात सोंग घेऊन येते तेही पात्र, आणि दान, मंत्र, विद्या ज्याच्या पदरात घालायची तोही पात्र. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणे सांगताना देश आणि काळ यांच्या जोडीला पात्र येते. आता ही पात्रता राहते कुठे? बहुतेक वेळा उत्तर असे दिले गेले, की ती भांड्यातच राहते, तांब्यात तांबूसपणा राहावा तशी. कोणाची कुळातून आलेली, कोणाची तपाने मिळवलेली. पण एकदा ठरली की ते भांडे सगळ्या चांगल्या गोष्टींना चांगले आणि दुसरे सगळ्यांना वाईट. अधिकारभेदाचा सगळा डोलारा या समजावर उभा आहे. माझे म्हणणे असे, की पात्रता भांड्यात नसते. ती भांडे, त्यात घातलेली वस्तू आणि त्या दोघांना दिलेली आंच या तिघांमधल्या नात्यात असते. यावरून सगळी भांडी सारखीच, असे कोणी समजू नये. धातू तापवण्यासाठी मुशी निवडणारा माणूस असे एक दिवसही म्हणू शकणार नाही. भांड्याला त्याच्याइतके महत्त्व कोणी देत नसेल.

मराठी स्वयंपाकघराला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तांब्याच्या तांब्यात पाणी ठेवतात, ताक ठेवत नाहीत; ते कळकते. कळकणे हे क्रियापद आपल्याकडे याच एका अपघातासाठी राखून ठेवलेले आहे: आंबट पदार्थाने पितळ-तांब्यातला अंश ओढून घेणे आणि दोघांचेही बिघडणे. यात दोष ताकाचा नाही आणि तांब्याचाही नाही. तेच ताक मातीच्या भांड्यात सुखाने राहते आणि तेच तांबे पाण्याला चालते. यावरचा उपाय म्हणजे कल्हई. भांडे तापवायचे, नवसागराची पूड टाकायची, कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने झपाट्याने पुसून घ्यायचे. आत चांदीसारखा थर बसतो, आणि त्या भांड्यात आमटीही चालते. पण तेच कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर विसरले, तर २३२ अंशांना कथील वितळते आणि थर गोळा होऊन जातो. म्हणजे भांडे आणि वस्तू अशी जोडी जुळवून भागत नाही, आंच हा तिसरा पक्षही विचारात घ्यावा लागतो. धर्मशास्त्रातल्या द्रव्यशुद्धीच्या प्रकरणांतही तांबे आंबटाने घासावे आणि कासे राखेने, असा भेद आहेच. भांडी घासताना जो विवेक शास्त्रकारांना सुचला तो माणसांची प्रतवारी लावताना का सुचला नाही, हा प्रश्न त्यांना विचारायला हवा.

इथे पहिला आक्षेप येईल, की धातूंच्या व्यवहारावरून माणसाच्या अधिकाराचा निवाडा करणे ही गल्लत आहे. आक्षेप वजनदार आहे, पण तो माझ्यावर येण्याआधी परंपरेवर येतो, कारण भांड्यांना साक्षीला तिनेच बोलावले. न्यायसूत्रांत दृष्टांताला अट घातली आहे, की तो सामान्य माणूस आणि परीक्षक दोघांनाही सारखाच मान्य असला पाहिजे. ज्याने घडा साक्षीला आणला त्याला घड्याची उलटतपासणी नाकारता येत नाही. सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टांनी 'तंत्रवार्तिका'त असेच एक भांडे आणले. बौद्धांच्या शिकवणीत अहिंसेसारख्या चांगल्या गोष्टी आहेत हे त्यांना नाकारता येत नव्हते. मग ते म्हणाले, की त्या गोष्टी कुत्र्याच्या कातड्याच्या पिशवीत घातलेल्या दुधासारख्या आहेत. दूध चांगले, पण पिशवीमुळे निरुपयोगी. याला नुसती शिवी समजू नये. सांगणारा कोण यावर सांगण्याचा विश्वास ठरतो, असा तो युक्तिवाद आहे. पण दृष्टांत म्हणून तपासला तर तो अर्धाच भरतो. कातड्यातून दुधात नेमके काय उतरते, किती वेळात, आणि ते दूध उकळून घेतले तर काय, यातले काहीच तो सांगत नाही. याच्या शेजारी जैन आचार्य कुंदकुंदांच्या 'समयसारा'तला दृष्टांत ठेवून पाहा: चिखल एकच, त्यात सोने पडले तर गंजत नाही, लोखंड पडले तर गंजते, ज्ञानी सोन्यासारखा, अज्ञानी लोखंडासारखा. इथे दोष चिखलाच्या माथी मारून मोकळे होता येत नाही, जोडी पाहावी लागते. कुंदकुंद भट्टीच्या बरेच जवळ आले. तरीही सोने स्वभावतःच निर्लेप, हा भाव त्या दृष्टांतातून वाचणाऱ्याच्या मनात राहतोच, आणि सोन्याबद्दल तो खरा नाही. चिखलात जे सोने वर्षानुवर्षे तसेच राहते ते पाऱ्यात साध्या खोलीच्या तापमानालाही पांढरे पडून त्याच्यात मिसळू लागते. मुलामा चढवणाऱ्या कारागिरांचा जुना धंदाच त्यावर चालत असे. सोन्याचा निर्लेपपणा ही सोने आणि चिखल या जोडीची गोष्ट आहे.

निर्वात पेटीपाशी ही जोडीची गोष्ट इतक्या ठळकपणे दिसते, की तिथे सर्वगुणसंपन्न पात्राची कल्पना एक आठवडाही टिकत नाही. ॲल्युमिनियमचेच पाहा. टंगस्टनला ते विरघळवते. ग्राफाइट तीन हजार अंशांच्याही पुढे टिकते, म्हणून त्याची मूस घ्यावी, तर ॲल्युमिनियम कार्बनशी संयोग पावून कार्बाइड करते. क्वार्ट्झ स्वच्छ आणि पारदर्शक, पण ते सिलिकॉनचे ऑक्साइड, आणि तापलेल्या ॲल्युमिनियमची ऑक्सिजनची भूक सिलिकॉनपेक्षा मोठी. ते भिंतीतूनच ऑक्सिजन ओढून घेते आणि सिलिकॉन मागे सोडते. कोण कोणाकडून ऑक्सिजन हिसकावील याचा आलेख हॅरॉल्ड एलिंगहॅम यांनी १९४४ मध्ये मांडला; मूस निवडताना आजही तो उघडतात. मग ॲल्युमिनाची मूस, म्हणजे खुद्द ॲल्युमिनियमच्याच ऑक्साइडची; तिच्याकडून ओढून घेण्यासारखे काही उरलेले नसते. पण ती उष्णतेचे झटके सोसत नाही, घाईने थंड केली की तडकते. बोरॉन नायट्राइड जवळपास काहीच देत-घेत नाही. तरी त्याच्या मुशीत ॲल्युमिनियम भिंत चढून काठाबाहेर डोकावते, आणि मुशीतच गोठू दिले तर आकसताना भिंतीला ओढून चिरते. चिवड्याच्या पाकिटाला आतून जी चांदीसारखी झळाळी असते ती देणाऱ्या मोठ्या यंत्रांत बोरॉन नायट्राइड आणि टायटॅनियम डायबोराइड एकत्र दाबून केलेल्या बोटी वापरतात. त्यांच्यावर ॲल्युमिनियमची तार अखंड सोडलेली असते, आणि त्याही झिजतात. ठरावीक तासांनी बदलाव्या लागतात.

दुसरीकडे टँटलमची बोट सोन्याला चालत नाही, सोने तिच्याशी मिश्रधातू करून तिला खाते. तीच बोट चष्म्याच्या आणि कॅमेऱ्याच्या भिंगांवर चढणाऱ्या मॅग्नेशियम फ्लुओराइडला उत्तम. प्लॅटिनम तर धातूंमधला खानदानी. प्रयोगशाळेत आम्लांना दाद न देणारे, तिजोरीत ठेवण्याजोगे. त्याच्या मुशीत शिसे तापवले तर दोघांचा सहज वितळणारा मिश्रधातू होतो आणि तळाला भोक पडते. शिशासारख्या गरीब, मऊ धातूसमोर त्या सगळ्या खानदानाचा काही उपयोग होत नाही. आणि या सगळ्यात एक पेच असा, की धातू भांड्याला चिकटून पसरला, भिजवून राहिला, तरच त्याला आंच नीट पोचते. थेंब भांड्यापासून फटकून गोळा होऊन राहिला तर तो नीट तापत नाही, थुंकतो, थरावर ठिपके पाडतो. जवळिकीवाचून आंच पोचत नाही आणि झीज होते तीही त्याच जवळिकीतून. गुरुशिष्यांच्या नात्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्यातला हा भाग इतक्या उघडपणे क्वचितच सांगितला जातो.

आपल्याच परंपरेत एका शाखेने हे ओळखले होते. रसशास्त्रात मुशीला मूषा म्हणतात, आणि 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात तिचे कितीतरी प्रकार नावानिशी दिले आहेत: वज्रमूषा, योगमूषा, गोस्तनीमूषा, मल्लमूषा, वृंताकमूषा. कशासाठी कोणती माती, तिच्यात कोणती राख, कोणता तूस, आकार कसा, हे कामागणिक वेगळे. श्रेष्ठ मूषा कोणती, असा प्रश्न तिथे पडलेलाच दिसत नाही. वृंताक म्हणजे वांगे. लांब देठाच्या वांग्याच्या आकाराची ही मूस खर्परातून, म्हणजे जस्ताच्या खनिजातून, सत्त्व काढण्यासाठी सांगितली आहे. जस्त ९०७ अंशांना उकळते. खनिजातून ते मोकळे होते तेव्हा द्रवरूपात हाती लागतच नाही, वाफ होऊन निघते आणि हवा लागताच जळून पांढरी राख होते. म्हणून तोंड बंद, देठ खाली आणि त्या देठातून वाफ खाली उतरवून थंड करायची. उदयपूरजवळच्या झावर इथे अशा वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशींचे अवशेष ढिगांनी सापडले आहेत. एका भट्टीत छत्तीस-छत्तीस मुशी उलट्या बसवलेल्या असत. एक मूस एकदाच वापरायची. वापरलेल्या मुशींच्या तिथे भिंती उभ्या आहेत, विटांसारख्या एकावर एक रचलेल्या. धातूची वाफ करून ती दुसरीकडे बसवणे हे निर्वात पेटीचे काम त्या कुंभारांनी आणि भट्टीवाल्यांनी निर्वाताशिवाय साधले, आणि त्यासाठी लागणारी पात्रता मातीत होती, जी सोवळ्याओवळ्याच्या हिशेबात सर्वांत लवकर विटाळणारी आणि फेकून द्यायची.

टंगस्टन आणि ॲल्युमिनियम यांची कथा अर्धी सांगून सोडली होती. तिचा उरलेला भाग माझ्या युक्तिवादाला जास्त लागतो. दुर्बिणींचे आरसे पूर्वी चांदीचे असत आणि काही महिन्यांत काळवंडत. १९३० च्या दशकात कॅल्टेकमध्ये जॉन स्ट्राँग यांनी ॲल्युमिनियमचा थर बसवण्याची पद्धत पक्की केली, आणि त्यासाठी भांडे घेतले ते टंगस्टनच्याच तारेचे वेटोळे. १९३५ मध्ये माउंट विल्सनची शंभर इंची दुर्बीण आणि १९४७ मध्ये पालोमारचा दोनशे इंची आरसा याच पद्धतीने झळकले. त्या पाच मीटर रुंदीच्या आरशावरचा सगळा ॲल्युमिनियमचा थर हिशेबाने पाच-सहा ग्रॅमच भरतो. टंगस्टन विरघळत होते, हे त्यांनाही दिसत होते. पण तार जाड, ॲल्युमिनियम थोडे आणि काम झटपट, त्यामुळे तार तुटण्याआधी वाफ निघून जाई. आणि मुख्य गोष्ट अशी, की ॲल्युमिनियमची भरपूर वाफ होते ती बाराशे अंशांच्या आसपास, आणि त्या आंचेला टंगस्टनची वाफ जवळजवळ होतच नाही. म्हणजे थेंबात टंगस्टन मिसळलेले, थेंब कळकलेला. पण त्यातून निघून आरशावर बसलेला थर शुद्ध. उलट मुशीतला एखादा हलका, चटकन उडणारा अंश थेंबात जेमतेम मिसळला तरी तो सगळ्यांत आधी वर जाऊन बसतो. म्हणून सुरुवातीची वाफ झडप बंद ठेवून वाया घालवतात आणि मगच काच उघडी करतात. विटाळाच्या सगळ्या विचाराला इथे एक बारीक, पण नेमका धक्का बसतो. मिसळले का, हा पहिला प्रश्न झाला. जे मिसळले ते पुढे गेले का, हा दुसरा, आणि निकाल त्यावर लागतो.

विटाळ मानणाऱ्याला समतेच्या बाजूने सहसा असे उत्तर देतात, की स्पर्शाने काही होत नाही, भांडे कोणतेही असो, आतली वस्तू तीच. मला हे उत्तर कमकुवत वाटते, कारण ते खोटे आहे. स्पर्शाने पुष्कळ होते. ताक कळकते, बोट विरघळते, मूस तडकते. खरे उत्तर अधिक धारदार आहे: काय उतरले ते सांगा. किती उतरले, कोणत्या आंचेला, आणि ते पुढे कुठे गेले तेही सांगा. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा विटाळाचा दावा हा पाण्याबद्दलचा दावा होता, म्हणजे तपासण्याजोगा. गुरेढोरे जिथे पाणी पीत तिथे माणसाच्या ओंजळीने पाण्यात काय उतरले, हे सांगायला कोणी पुढे आले नाही. त्याऐवजी पंचगव्य ओतून तळे शुद्ध करून घेतले गेले. मुशीपाशी काम करणाऱ्याला यातली गफलत लगेच दिसेल. जे उतरले त्याचे नाव सांगता येत नाही, ते काढून टाकायला काय ओतावे हेही ठरवता येणार नाही. पंचगव्य आणि तथाकथित विटाळ यांचे एकमेकांशी कोणते नाते आहे, कोण कोणाला ओढून घेतो, याचा आलेख कोणत्याही शास्त्रकाराने काढलेला नाही. पात्रता नात्यात असते असे म्हटले, की ज्याचे नाते दाखवता येत नाही तो अपात्रतेचा आरोप आपोआप गळून पडतो.

याच्या उलट टोकाचा आक्षेप असा, की पात्रता सापेक्ष ठरवली म्हणजे कोणालाही कशासाठीही पात्र म्हणायची सोय झाली. नालायकालाही त्याच्या जोगे काहीतरी सापडेलच. पण नात्यावर ठरणे आणि मर्जीवर ठरणे यांत फार अंतर आहे. दोन धातूंच्या मिश्रणाचे आलेख कोणत्याही पंचायतीपेक्षा कठोर असतात. त्यांना वशिला लागत नाही आणि त्यांच्यापुढे दयेचा अर्जही चालत नाही. सापेक्षता इतकेच सांगते, की निकाल जोडीनुसार लागेल. आणि पुष्कळदा तो आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळा लागतो. संगणकाच्या चिपसाठी लागणारे सिलिकॉनचे स्फटिक चोक्राल्स्की यांच्या नावाच्या पद्धतीने क्वार्ट्झच्या मुशीतून वर ओढून काढतात. वितळलेले सिलिकॉन त्या मुशीला हळूहळू खात असते, आणि मुशीतला ऑक्सिजन स्फटिकात उतरतो, साधारण पन्नास हजार अणूंमागे एक. सुरुवातीला हे दूषणच होते. पुढे कळले, की त्या ऑक्सिजनमुळे चकती कणखर होते, तापवताना वाकत-मुडपत नाही, आणि त्याच्या बारीक कणांभोवती लोखंड-तांब्यासारखी खरीच घातक अशुद्धी पकडून ठेवता येते. मुशीशिवाय वाढवलेले, जवळपास ऑक्सिजनरहित सिलिकॉनही मिळते, आणि मोठे विद्युतदाब सोसणाऱ्या उपकरणांना तेच लागते. पण बहुतेक चिपांना कळकलेले सिलिकॉनच बरे. भांड्याने दिलेला अंश भूषण ठरेल की दूषण, हेही पुढच्या वापरावाचून ठरत नाही.

अद्वैती मात्र या कशालाच हरकत घेणार नाही, तो प्रश्नच बाजूला सारील. तो म्हणेल, भांड्यात धातू असतो तेव्हा तुमचे सगळे खरे. पण आत्मा हा भांड्यातला धातू नाही, भांड्यातले आकाश आहे. गौडपादांच्या कारिकांमध्ये हा घटाकाशाचा दृष्टांत येतो: एका घड्यातले आकाश धुळीने-धुराने भरले म्हणून बाकीच्या घड्यांतले आकाश मळत नाही, आणि घडा फुटला तर आकाशाचे काही फुटत नाही. मुशी निवडणाऱ्याच्या जवळ आकाशाची जी नक्कल आहे ती म्हणजे निर्वात पोकळी, आणि तिच्याबद्दल तो हसून सांगेल, की वातावरणाच्या अब्जाव्या भागाइतका दाब उरला तरी एका घन सेंटिमीटरमध्ये अडीच हजार कोटींच्या आसपास रेणू असतात, आणि येणारा प्रत्येक रेणू चिकटला तर स्वच्छ काच काही सेकंदांत त्यांनी झाकली जाते. पण हे अद्वैत्याला उत्तर झाले नाही. गौडपादांचे आकाश पंपाने मिळणारे नव्हते. त्यांचे म्हणणे मी मान्य करतो, फक्त त्याची हद्द आखून घेतो. ज्याला भांडे शिवत नाही असे एक तत्त्व असेल, तर त्याला पात्रही लागत नाही. ते कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये, हा प्रश्न त्याच्याबाबत उठूच शकत नाही. ज्यांनी आत्मा आकाशासारखा म्हटले आणि त्याच श्वासात त्याचे ज्ञान कोणी ऐकावे याची यादी केली, त्यांनी एकाच वेळी दोन दृष्टांत वापरले: तत्त्वासाठी आकाशाचा, शाळेसाठी धातूचा. देण्याघेण्याच्या गोष्टी, म्हणजे भाषा, विद्या, संस्कार, संस्था, या सगळ्या धातूच्या बाजूच्या आहेत. तिथे आकाशाची सवलत मागता येणार नाही, आणि तिथे यादी करायचीच असेल तर ती जोडीजोडीने, कारण देऊन करावी लागेल.

शेवटचा विचार असा येतो, की भांडेच नको. हे करतातही. इलेक्ट्रॉनांचा झोत चुंबकाने वळवून थेट धातूच्या मधोमध पाडतात, आणि तो धातू ठेवलेला असतो पाण्याने गार राखलेल्या तांब्याच्या कुंडात. तांबे वितळते १,०८५ अंशांना. तरी त्या कुंडात टंगस्टनही वितळवता येते. टंगस्टनच्या भांड्यात न टिकलेले ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या भांड्यात टिकलेले टंगस्टन, हे दोन निकाल शेजारी ठेवले की वितळणबिंदूंच्या प्रतवारीचे काही उरत नाही. हे साधते ते असे: झोत फक्त मधला भाग वितळवतो, कडेचा भाग गार तांब्याला टेकून घट्ट राहतो, आणि मधल्या द्रवाला शिवते ते त्याच धातूचे घन कवच. नदी आपले पात्र आपणच कोरते, तसा धातू आपले पात्र आपणच होतो. यात कोणी आत्मनिर्भर, स्वयंसिद्ध साधकाचे चित्र पाहील, तर त्याने कुंडाखालचे नळही पाहावेत. दिलेल्या शक्तीचा मोठा वाटा पाणी वाहून नेत असते, म्हणून ते कवच घट्ट राहते. पाणी थांबले तर धातू आणि तांबे दोन्ही एक होतात. काम संपल्यावर झाकण उघडले, की कुंडात त्या धातूची एक जाडसर चकती असते, मधे खळगा पडलेली, कडेने खरखरीत. कडेचा तो भाग कोणत्याही आरशावर कधी जात नाही. पुढच्या खेपेला त्याच खळग्यात नवे तुकडे टाकतात आणि पंप सुरू करतात.